खुराड्याची वहिनीकडची भिंत

एकदा एक बाई कोंबड्या पाळायला निघाली आणि जावेवर पहारा करत बसली. तिचीच ही गोष्ट. हसू आलं तर अवश्य हसा, पण जरा बेताने. हसता हसता आपल्याच घराची एखादी बंद खिडकी आठवण्याचा संभव आहे.

समुद्रापासून जवळच्या एका गावात एका घराच्या दोन चुली झाल्या होत्या. थोरल्या भावाची बायको सुगंधा, धाकट्याची दर्शना. वाटणी अगदी शांतपणे झाली. परसाच्या मधोमध कमरेएवढा दगडांचा गडगा घातला गेला, त्याच्या पश्चिमेला सुगंधा, पूर्वेला दर्शना. विहीर मात्र एकच राहिली. खरं सांगायचं तर चार शब्दांचं कडाक्याचं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, दोघी बोलून मोकळ्या झाल्या असत्या. शांतपणे वेगळी झालेली माणसं पुढे एकमेकांचे शब्द फार बारकाईने ऐकू लागतात, आणि न बोललेले शब्द तर त्याहून बारकाईने.

दर्शनाने त्या वर्षी पहिल्यांदाच कोंबड्या आणल्या. अजून अंड्यावर न आलेल्या पाच तलंगा, तांबूस, डोळ्यांत चमक असलेल्या. लग्न झाल्यापासून ह्या घरात जे जे होतं ते सासूचं, नाहीतर वाटणीतलं. ह्या तलंगा तेवढ्या तिच्या स्वतःच्या होत्या. ती त्यांच्याकडे बघे तेव्हा तिला आपण ह्या घरात खरोखर राहतो असं वाटे.

टोपली परसात उतरवली तेव्हा सुगंधा विहिरीवर होती. कळशी कमरेवर घेऊन ती गडग्यापाशी आली, तलंगांकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "छान आहेत गं. जप हो."

आता ह्यात काय वाईट आहे, तुम्हीच सांगा. पण आदल्या वर्षी रोग येऊन सुगंधाच्या सगळ्या कोंबड्या मेल्या होत्या. तिचं खुराडं तेव्हापासून ओस पडलं होतं. दर्शनाने तो 'जप हो' घरात नेला आणि दिवसभर मनात घोळवला. जप म्हणजे काय? कशापासून जप? जिच्या स्वतःच्या मेल्या, ती दुसरीच्या छान म्हणते, आणि वर जप म्हणते? संध्याकाळी तिचा नवरा दिलीप मासळीचा टेंपो लावून घरात आला तेव्हा तिने त्याला विचारलं, "वहिनी असं का म्हणाल्या असतील हो?"

"कारण कोंबड्या जपायच्या असतात," दिलीप म्हणाला आणि जेवायला बसला. पुरुषांना ह्यातलं काही कळत नाही, असं दर्शनाने मनातल्या मनात ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती आत्याबाईंकडे गेली. आत्याबाई म्हणजे ह्या दोघी जावांची आत्तेसासू. आळीच्या टोकाला एकटी राहणारी, पाठीत वाकलेली पण जिभेने सरळ. आयुष्यभर कोंबड्या पाळलेली बाई. दर्शना तिच्याकडूनच एकेक गोष्ट शिकत होती. तलंग कशी निवडावी, पाणी कसं ठेवावं, खाली तूस का पसरावा. त्या दिवशी तिने विचारलं, "आत्याबाई, खुराडं कसं बांधू?"

आत्याबाई मिरच्यांची देठं काढत होती. ती म्हणाली, "खुराड्यात वारं खेळतं ठेव, पण कोंबड्यांना वारं लागू देऊ नकोस."

सूत्र म्हणावं इतकं नेमकं वाक्य. पण ऐकणाऱ्याच्या चित्तात आधीच कुणीतरी बसलेलं असलं की वाक्याला उभं राहायला जागा उरत नाही. दर्शनाच्या चित्तात सुगंधा कळशी घेऊन उभी होती. वाक्याचा पहिला भाग आळीतच कुठेतरी सांडला, आणि घरी पोहोचला तो एवढाच: वारं लागू देऊ नकोस. कुणाचं वारं, हे तिला कुणी सांगायची गरजच नव्हती. आपल्याकडे नको असलेल्या माणसाचं वारंसुद्धा लागू देत नाहीत. आत्याबाई जुनी बाई, नाव घेऊन बोलणार नाही, पण सुचवायचं ते सुचवलंच की!

मग गवंडी आला. त्याने चिरे रचायला घेतले आणि गडग्याकडच्या बाजूला थांबून विचारलं, "वैनी, हिकडं वर जाळी ठेवू?"

"नको. तिकडे वहिनींचं परस आहे."

"मग उत्तरेला ठेवू?"

"उत्तरेला पाणंद. जाणारे-येणारे आत डोकावतील."

"पूर्वेला?"

"पूर्वेला रान. नको बाई. आणि दक्षिणेला दारच आहे."

गवंड्याने थापी खाली ठेवली. "अवो, मग वारा कुठनं येणार?"

"वारं लागूच द्यायचं नाही," दर्शना ठसक्यात म्हणाली. "आत्याबाईंनी सांगितलंय."

गवंड्याने पुन्हा थापी उचलली. ज्याचं खुराडं त्याची मर्जी. त्याने चारी बाजूंनी चिरा चढवला, वर पत्रा टाकला आणि पत्र्याखालची फटसुद्धा सिमेंटने बुजवली. वहिनीकडच्या भिंतीला तर दर्शनाने आतून-बाहेरून गिलावा करून घेतला. दाराला जाड फळी, कडी, कोयंडा, कुलूप. किल्ली तिच्या मंगळसूत्राला. गावात बऱ्याच घरांच्या पुढच्या दारालाही एवढा बंदोबस्त नव्हता.

पहिले काही दिवस बरे गेले. मग दर्शनाला दिसू लागलं की सुगंधा हल्ली विहिरीवर जास्त वेळ थांबते. पाणी भरून झालं तरी निघत नाही, खुराड्याच्या दिशेने कान दिल्यासारखी उभी राहते. एकदा तर तिने तोंड उघडलं, काहीतरी बोलणार होती, पण दर्शनाची नजर दिसली आणि ती निघून गेली. बघा, दर्शनाने मनाशी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं! त्या दिवसापासून तिने तलंगांना दिवसासुद्धा बाहेर सोडणं बंद केलं. दाणापाणी आत. फक्त दार किलकिलं करायचं, ताट सरकवायचं, पुन्हा कुलूप.

आणि मग एक तलंग मेली. सकाळी दार उघडलं तर तुसावर आडवी. अंगावर जखम नाही, पिसं विस्कटलेली नाहीत. काही दिवसांनी दुसरी गेली, तशीच. उरलेल्या तिघी चोच उघडून श्वास घेत, डोळ्यांतून पाणी गळे, घशातून घुरघुर आवाज येई. दर्शना परसात उभी राहून रडली. तिला वाईट वाटलं, त्याहून जास्त संताप आला. कुलूप शाबूत, भिंत शाबूत, मग मारलं कुणी? आणि उत्तर तर पहिल्या दिवसापासून तयार होतं. जे हाताने करता येत नाही ते दुसऱ्या मार्गाने केलं जातं, हे का तिला ठाऊक नव्हतं?

त्या गावात एक रीत होती. ज्याचा गुन्हा दाखवता येत नाही, त्याच्या नावाने सोमवारी दिवेलागणीला देवळात नारळ ठेवायचा आणि गुरवाकडून देवाला गाऱ्हाणं घालायचं. नारळ एकदा ठेवला की ती दोन घरं एकमेकांचं पाणी पीत नाहीत. लग्नाला नाही, मयताला नाही. नारळ ठेवायला क्षणभर पुरतो, उचलायला कधीकधी पुढची पिढी यावी लागते. आणि ठेवताना घरातलं कुणीतरी वडीलधारं माणूस सोबत उभं राहावं लागतं.

सोमवारी दुपार कलल्यावर दर्शना नारळ घेऊन आत्याबाईंकडे गेली. सगळं सांगितलं. "तुम्ही माझ्यासोबत उभ्या राहा," ती म्हणाली. "तुम्हीच मला सावध केलं होतंत."

"मी?" आत्याबाईने विचारलं.

"वारं लागू देऊ नकोस म्हणालात ना? मी दिलं नाही. तरी लागलंच."

आत्याबाई उठली, देव्हाऱ्यातून एक उदबत्ती आणि काडेपेटी घेतली, काठी घेतली. "चल," ती म्हणाली. "आधी खुराडं बघू, मग देवळाचं बघू."

उदबत्ती बघून दर्शनाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आत्याबाईंनाही पटलंय. आता ह्या काहीतरी उतरवून टाकणार, बाधा काढणार, आणि मग नारळ.

परसात आल्यावर आत्याबाई म्हणाली, "कोंबड्या बाहेर काढ."

"बाहेर? वहिनींच्या देखत?"

"काढ म्हटलं ना!"

दर्शनाने कुलूप काढलं. तिन्ही तलंगा बाहेर आल्या आणि उन्हात माना लांब करून उभ्या राहिल्या. दाणे टिपायचंही त्यांच्या लक्षात येईना. आत्याबाईने ओल्या मातीचा गोळा केला, त्यात पेटवलेली उदबत्ती खोचली आणि वाकून खुराड्याच्या आत मधोमध ठेवली. मग दार थोडंसं किलकिलं ठेवून ती बाहेर दगडावर बसली. तोंडाने मंत्र नाही की काही नाही. नुसती बघत बसली.

दारातून कलत्या उन्हाची तिरीप आत पडली होती. तिच्यात धूर दिसत होता. तो सरळ वर गेला, पत्र्याला टेकला, पसरला आणि हळूहळू पुन्हा खाली उतरू लागला. बाहेर जायला त्याला वाटच सापडेना. थोड्या वेळाने आतलं सगळं धुरकट झालं.

"बघितलंस?" आत्याबाई म्हणाली.

"बघितलं," दर्शना कुजबुजली. "बाधा आतच बसलीये."

आत्याबाईने कपाळावर हात मारला. तिने उदबत्ती उचलून बाहेर आणली, वहिनीकडच्या भिंतीपाशी गेली आणि हात उंच करून पत्र्याच्या पातळीवर धरली. धुराची रेघ एकदम आडवी झाली. गडग्याच्या दिशेकडून येऊन ती भिंतीवर आपटली आणि दोन्ही बाजूंना पांगली. आत्याबाईने हात जरा सरकवला, तरी तेच. धुराला सुगंधाच्या परसाकडूनच काहीतरी ढकलत होतं.

"बघा!" दर्शना जवळजवळ ओरडलीच. "तिकडूनच येतंय! मी म्हणत होते ना?"

"होय," आत्याबाई म्हणाली. "तिकडूनच येतंय. वारं."

दर्शनाने पुन्हा धुराकडे बघितलं.

"आता आत डोकं घाल," आत्याबाई म्हणाली. "घाल, मी आहे इथे."

दर्शनाने वाकून खुराड्यात डोकं घातलं. शिटेचा आणि कुजलेल्या ओल्या तुसाचा वास असा काही नाकात शिरला की तिचे डोळे चुरचुरले, घसा धरला, आणि ती खोकत बाहेर आली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. समोर तिन्ही तलंगांच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं.

आत्याबाई बोलू लागली. आवाज चढवला नाही. "अगं, मी तुला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. वारं खेळतं ठेव म्हणाले, आणि लागू देऊ नकोस म्हणाले. कोंबडी दांडीवर बसते ना, तिथे अंगावर थेट झोत येतो ते लागणारं वारं. तिच्या डोक्यावरून जातं, आतली ओल आणि वास घेऊन बाहेर पडतं ते खेळतं वारं. एक अडवायचं, दुसरं येऊ द्यायचं. तू दोन्ही अडवलंस. का? तर ते वहिनीच्या बाजूने येतं."

दर्शना पदराने डोळे पुसत राहिली.

"आणि इकडे ये," म्हणत आत्याबाई तिला रानाकडच्या बाजूला घेऊन गेली आणि काठीने भिंतीचा पाया दाखवला. चिऱ्याखाली माती उकरलेली होती. मुठीएवढा खड्डा, त्याच्या तोंडाशी नखांचे ओरखडे. "हे मुंगसाचं काम. आणखी थोडं उकरलं की आत आलंच समज. इथे पायात दगड भरले नाहीत, जाळी पुरली नाही. गिलावा कुठे केलास? तिकडे! खरा चोर ह्या बाजूने माती उकरत होता आणि तुझा पहारा विहिरीवर. संशय माणसाला सावध करतो असं आपण समजतो. छे! तो माणसाला एकाच दिशेला तोंड करून बसवतो."

"मग मी काय करायला हवं होतं?" दर्शनाने विचारलं. आता तिच्या आवाजातला ठसका गेला होता.

"जाळी लावायची होतीस. बारीक विणीची, जाड तारेची, वर पत्र्याखाली, समोरासमोरच्या दोन भिंतींना. बोट जाईल पण मुंगसाचं डोकं जाणार नाही अशी. माणसाने जाळी कशाला केली? काय येऊ द्यायचं आणि काय नाही, हे निवडता यावं म्हणून. भिंतीला निवडता येत नाही गं. ती मुंगूसही अडवते आणि श्वासही अडवते."

एवढं बोलून आत्याबाई पुन्हा दगडावर बसली. दर्शना खुराड्यापाशी उभी राहिली. मेलेल्या दोन तलंगा तिच्या डोळ्यांसमोर आल्या. आपणच त्यांना कोंडून मारलं. रोज सकाळी किल्ली फिरवून, जपून, मायेने मारलं. तिला वाटलं कुणीतरी हे खोटं आहे असं सांगावं. कुणी सांगितलं नाही.

मग तिने घरातून पहार आणली. पश्चिमेच्या भिंतीचा वरचा चिरा, जो तिने सगळ्यात पक्का करून घेतला होता, त्यावर पहिला घाव घातला. गिलावा उडाला. दुसरा घाव, तिसरा. चिरा हलेना. ती रडत होती आणि घाव घालत होती. आवाज दोन्ही परसांत घुमत होता.

गडग्यापलीकडे सुगंधा येऊन उभी राहिली.

दर्शनाचा हात थांबला. दर्शनाला वाटलं, आता ही हसेल. नाहीतर विचारेल, काय चाललंय. सुगंधाने गडग्यावरचे दोन दगड बाजूला केले, साडी सावरून अलीकडे आली आणि चिऱ्याला दुसऱ्या टोकाने हात घातला. दोघींनी मिळून हलवला तेव्हा चिरा सुटला. एक सुटल्यावर दुसरा सोपा गेला.

भोकातून वारं आत शिरलं, आणि थोड्याच वेळात कोंदलेला वास दारातून बाहेर पडू लागला. आत्याबाईने नाकाला पदर लावला.

"मला ऐकू येत होतं," सुगंधा अचानक म्हणाली. ती दर्शनाकडे बघत नव्हती. "विहिरीवर आले की त्यांची घुरघुर ऐकू यायची. माझ्याही अशाच घुरघुरत होत्या, गेल्या वर्षी. सांगायला हवं होतं. एकदा आले होते सांगायला."

"मग सांगितलं का नाहीत, वहिनी?"

"कसं सांगणार? तू म्हणाली असतीस, हिला कसं ठाऊक? हिनेच केलं असणार."

दर्शना अगदी तेच म्हणाली असती. ते शब्द तिच्या ओठांवर महिनाभर तयार बसले होते. आत्ता तिला कळलं की भिंत तिने फक्त खुराड्याला घातली नव्हती. एक शब्द पलीकडून येऊ पाहत होता, दोन जीव वाचले असते असा शब्द, आणि तो विहिरीपाशी येऊन परत गेला होता.

"वहिनी," ती कशीबशी म्हणाली, "मी आज देवळात निघाले होते."

"ठाऊक आहे."

"नारळ घेऊन."

"कुणाच्या नावाने तेही ठाऊक आहे," सुगंधा म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, नव्हता असं कसं म्हणावं? "आळीत काय लपून राहतं का? सकाळी तू नारळ आणलास तेव्हाच कळलं. सकाळपासून चुलीपुढे बसून होते मी. जेवण गेलं नाही. तेवढ्यात हा आवाज आला. म्हटलं, बघू तरी."

ह्यावर क्षमा मागायची असते. पण दर्शनाला त्या क्षणी एवढा मोठा शब्द उचलता आला नाही. तिने हात जोडले, ते तसेच राहिले, मग खाली आले. सुगंधाने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती गडगा ओलांडून गेली. दर्शनाला वाटलं, गेली. संपलं. नारळ न ठेवताच जे व्हायचं ते झालं.

पण सुगंधा परत आली. तिच्या हातात जाळीची गुंडाळी होती. तिच्या ओस पडलेल्या खुराड्याची, बारीक विणीची, जाड तारेची. "नुसती पडून होती," ती म्हणाली आणि गुंडाळी पुढे केली. "घासून, उन्हात वाळवून ठेवली आहे."

दर्शनाने जाळी हातात घेतली. आणि सवयीने, अगदी नकळत, तिची बोटं तारेवरून फिरू लागली. कुठे भोक आहे का, कुठे काही आहे का. जिच्या कोंबड्या रोगाने मेल्या तिची ही जाळी. मग आपण काय करतोय ते तिच्या ध्यानात आलं आणि तिची बोटं जागच्या जागी थिजली. तिने मान वर केली. सुगंधाने सगळं पाहिलं होतं.

दर्शनाचा चेहरा लाजेने काळवंडला.

"बघून घे," सुगंधा म्हणाली. "जाळी बघूनच घ्यावी. आणि लावायच्या आधी पुन्हा उकळत्या पाण्याने धू."

दर्शनाने जाळी उन्हाकडे धरून बघितली. एका कोपऱ्यात एक तार खरोखरच तुटली होती. तिने ती सुगंधाला दाखवली. सुगंधा आपल्या परसात जाऊन तारेचा तुकडा आणि पक्कड घेऊन आली, आणि दोघी खाली बसून ते भोक सांधू लागल्या.